नमुना २२ मधली एक ओळ

मे महिन्यातली दुपार होती. वाचनालयाला कुलूप लावून मी घराकडे निघाले, तर मारुतीच्या देवळामागे ट्रॅक्टर उभा दिसला. ट्रॉली अर्धी भरली होती. दोन पोट्टे आखाड्यात उतरून फावड्याने माती ओढत होते आणि टोपल्याने वर फेकत होते.

"कुठं नेता रे हे माती?"

"भरणाले, ताई. नव्या सभागृहाच्या पायव्यात टाकाची हाय."

"कोणं सांगतलं?"

"ठेकेदारानं. म्हणे आखाडा तं बंदच हाय."

बंद होता, हे खरंच. दहा-बारा वर्षांत तिथं कोणी लंगोट बांधून उतरलं नव्हतं. कवेलूंचं छप्पर एका बाजूनं बसलं होतं, दाराची कडी निघाली होती, आत कोणीतरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, रचून ठेवली होती. पण ती माती भरणाची नव्हती. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यातलं. सगळा शिवार कपाशीच्या काळ्या जमिनीचा. उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चप्पल रुतून बसते. या मातीत कुस्ती होत नाही. आखाड्यातली लाल माती पोहऱ्याच्या टेकड्यांकडून बैलगाड्यांनी आणली, असं थोरली माणसं सांगतात. मग दर नागपंचमीला तिच्यात हळद, ताक, लिंबाचा रस, तेल, कापूर घालून ती खणायची, चाळायची, पायाने तुडवायची. आजही मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो आणि बोट लावलं की अलगद सुटतो. ती एकदा पायव्यात गेली असती तर कोणालाही परत आणता आली नसती.

मी पोट्ट्यांना थांबवलं आणि पी.टी.च्या सरांना फोन केला. सर सायकलवर आले. ट्रॉलीत हात घालून त्यांनी मूठभर माती उचलली, वास घेतला आणि म्हणाले, "बाप्पू हो, खाली करा हे. ठेकेदाराशी मी बोलतो." दोघंही सरांच्याच हाताखाली शिकलेले. काही न बोलता त्यांनी ट्रॉली उलटी केली.

त्या संध्याकाळी देवळाच्या पारावर आम्ही सात जण बसलो. सर, सुतारभाऊ, गवंडी काका, लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण, पोलीस पाटील, नव्वदीच्या घरातले वस्ताद आबाजी आणि मी. तिथून आमची समिती सुरू झाली. तिला अजून नाव नाही. गावात सगळे 'आखाडावाले' म्हणतात, मीही तेच म्हणते. मी वाचनालयात ग्रंथपाल असल्यामुळे इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली. या वर्षभरात काय झालं ते त्याच वहीवरून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रामसेवकांकडे गेलो. ग्रामपंचायतीला ३३ नमुने ठेवावे लागतात, म्हणजे तेहतीस प्रकारच्या नोंदवह्या आणि कागद. त्यातला नमुना २२ स्थावर मालमत्तेचा, नमुना २४ जमिनीचा. ग्रामसेवकांनी दोन्ही वह्या समोर ठेवल्या. शाळा होती, पाण्याची टाकी होती, बसथांबा होता, स्मशानातलं शेड होतं. आखाडा नव्हता. पटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, मैदानही नव्हतं. मी पानं दोनदा उलटली. ज्या जागेवर गावातल्या तीन पिढ्या घडल्या, तिची गावाच्या कागदावर एक ओळही नसावी, याचं मला फार वाईट वाटलं. नोंदच नाही म्हटल्यावर ठेकेदाराला ते पडीक छप्पर वाटलं, यात त्याचा दोष तरी किती धरायचा?

वारसा म्हटलं की आपल्याकडे किल्ला आणि देऊळ एवढंच डोळ्यांपुढे येतं. गाविलगडासारखा किल्ला केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित आहे. त्या कायद्याने अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम १९९५ मध्ये आले. नागपूरला वारसा संवर्धन समिती आहे, इमारतींची यादी आहे, त्यांची प्रतवारी आहे. खेड्यात यातलं काही पोहोचत नाही. आमच्या आखाड्यावर शिलालेख नाही, कोरीव काम नाही. चार भिंती, चार सागवानी खांब, मध्ये माती. तिथं जे घडलं ते माणसांच्या अंगात घडलं, आणि ती माणसं एकेक करून जात आहेत.

म्हणून यादी आम्हीच करायची ठरवली. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती होते. आमच्याकडे १४ ऑगस्टला समाजमंदिरात खरोखर झाली, चाळीसेक बाया आल्या. मी आखाड्याचा विषय काढला तेव्हा क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग मागून एक काकू म्हणाल्या, "आमाले कायचा आखाडा, ताई? आमी तं जलमात आत पाय नाई टाकला."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही कधी आत गेले नव्हते. लहानपणी देवळाच्या मागच्या बाजूला आखाड्याच्या भिंतीत एक झरोका होता. मी आणि माझी मैत्रीण विटांवर चढून त्यातून बघायचो. आत अंधार असायचा, घामाचा आणि तेलाचा वास यायचा, आणि मल्लखांबावर उलटा लटकलेला एखादा पोरगा आमच्याकडे बघून हसायचा. एकदा वस्तादांनी पाहिलं आणि झरोक्याला पोतं लावलं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ते पोतं मला अजून दिसतं.

सभेत मी हे सगळं सांगितलं. तेव्हा दुसरी एक जण म्हणाली, "मंग पोरी जातीन का तिथं? जात असतीन तं माही सही घे." तिथल्या तिथं ठरावात वाक्य वाढवलं. आखाड्याची नोंद करावी, दुरुस्ती करावी आणि तो मुलामुलींना सारखा खुला ठेवावा. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की लोक फवारणीला पळतात. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पुढच्या आठवड्यात ठराव मंजूर झाला. वस्ताद आबाजी सगळ्यांत पुढं बसले होते आणि पोरींच्या वाक्याला त्यांनीच पहिला हात वर केला. पोत्याबद्दल आम्ही दोघं आजवर एकमेकांशी बोललेलो नाही.

आता पटाबद्दल. हे लिहायला मला जड जातं, पण त्याच्याशिवाय आमच्या यादीला अर्थ नाही.

माझे बाबा धुरकरी होते. शंकरपट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हलक्या दोनचाकीला बैलजोडी जुंपतात, तिच्यावर हाकायला एकटा धुरकरी. जोडी सुटली की काही सेकंदांचा खेळ, आणि त्या सेकंदांच्या शंभराव्या भागावरून नंबर लागतो. बाबांची जोडी गवळाऊ जातीची होती. ही जात वर्धा नदीच्या पलीकडची, आर्वीकडची. अंगाने सडपातळ, पांढरी, पायाला हलकी आणि चालीला झपाझप. आमच्या पाखऱ्या आणि लाल्याला ढेप, चुनी, गूळ वेळेवर मिळायचं, आम्हा पोरांचं जेवण कधी मागेपुढे झालं तरी. थंडीच्या रात्री बाबा कंदील घेऊन गोठ्यात जायचे आणि बैलांच्या खांद्याला तेल चोळायचे. मी कंदील धरायचे. त्या वेळी ते बैलांशी जेवढं बोलत तेवढं घरात कोणाशी बोलत नसत.

आमच्या गावचा पट लहान. मोठा पट तळेगाव दशासरचा. तिथं जायचं म्हणजे आदल्या रात्रीच निघायचं, सोबत भाकरी, ठेचा आणि बैलांची वैरण. तळेगावला बायकांचाही पट भरतो. बाईच्या हातात कासरा मी पहिल्यांदा तिथं पाहिला. नऊवारीचा कासोटा घट्ट ओढून एक बाई धुरेवर उभी राहिली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरून निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी बाबांचा हात धरून उभी होते. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तर पटाभोवती सगळं जग उभं राहतं. दिवसा पट, रात्री नाटक. झाडीपट्टीची नाटकं पटाला जमलेल्या गर्दीसमोरच वाढली. आमच्याकडे नाटक नव्हतं, पण पटाच्या रात्री गावात झोप कोणाला नसायची.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद झाल्या. बाबांनी पेपर वाचून घडी घालून ठेवला. निकालामागचं कारण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर खोल टोचणारे, शेपटी पिरगाळणारे, चावणारे धुरकरी मी डोळ्यांनी पाहिलेत. बाबा अशांच्या शेजारी जोडी लावत नसत. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. पुढे नियम आले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ५० हजारांची अनामत, धाव एक हजार मीटरच्या आत, बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम असायलाच पाहिजेत आणि गावांनी ते मनापासून पाळले पाहिजेत. बैलाचं रक्त काढून जिंकलेल्या नंबराला आमच्या घरात कधी मान नव्हता. पण नियम आले तरी शर्यती लगेच सुरू झाल्या नाहीत, प्रकरण न्यायालयातच राहिलं. अंतरिम परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ ला, आणि घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं ते १८ मे २०२३ ला.

बाबा २०१९ मध्ये गेले. त्याआधीच जोडी विकली होती, लाल्याला नांगराला आणि पाखऱ्याला दुसऱ्या गावी. दोघांची जोडी फुटली याचं त्यांना जास्त लागलं. शेवटच्या दिवसांत खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या उजव्या हाताची बोटं कासरा धरल्यासारखी मिटलेली असायची.

त्या सात वर्षांत जे झालं ते शर्यतीपुरतं नव्हतं. पट भरायचा ते मैदान गावाच्या ई-क्लास, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी, जमिनीवर. पूर्वी दर पौषात सगळं गाव मिळून ते साफ करायचं. काटे काढायचे, खळगे बुजवायचे, बखर फिरवायचा. पट बंद झाला आणि साफसफाई बंद झाली. पहिल्या वर्षी कडेला कडब्याच्या गंज्या लागल्या. मग पऱ्हाटीचे ढीग आले, शेणखताचे खड्डे आले. मग एकाने तारेचं कुंपण घातलं, दुसऱ्याने टिनाचा गोठा उभा केला. कोणालाच वाटलं नाही की आपण काही बळकावतो आहोत, कारण तिथं काही होतच नव्हतं. खेळ थांबला की त्याची जागा जाते आणि जागा गेली की परवानगी मिळूनही खेळ परत येत नाही, हे मी माझ्या गावात पाहिलं. तळेगावला पट पुन्हा भरतो, कारण तिथं मैदान राहिलं. आमच्याकडे परवानगीचा अर्ज कोणत्या जागेसाठी करायचा, हाच प्रश्न आहे.

गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. तो कागद आम्ही अर्जाला जोडला आहे. पण कुंपण घालणारा माझा चुलतभाऊ लागतो आणि गोठावाल्याच्या घरी माझं रोजचं दूध येतं. कागद दाखवून ही माणसं मला तोडायची नाहीत. म्हणून समितीने आधी मोजणी मागितली. हद्द कुठं आहे ते एकदा सरकारी माणसाने दाखवू दे, मग बसून बोलू. चुलतभाऊ म्हणाला, "मोजणी होऊ दे ताई, निघालं तं मी सोताच तार काढतो." तो शब्दाचा पक्का आहे.

दिवाळीनंतर आम्ही सात पोरींना घेऊन अमरावतीला गेलो, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बघायला. धामणगावहून रेल्वेने बडनेरा आणि तिथून ऑटो. हे मंडळ १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला मंडळाचं पथक गेलं आणि तिथं त्यांनी आपल्या मातीतले व्यायाम आणि हुतूतू करून दाखवला. त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ ने हरवून हॉकीचं सुवर्ण घेतलं. ते सगळ्या देशाला पाठ आहे, आणि असायलाच हवं. पण अमरावतीची माणसं अंगावरची माती घेऊन बर्लिनपर्यंत गेली, हे आमच्या तालुक्यातल्या किती पोरांना माहीत आहे? सरांनी परतीच्या गाडीत हे सांगितलं तेव्हा सगळ्यांत लहान पोरीने विचारलं, "सर, ते जहाजात जोर मारत असतीन का?" सर म्हणाले, "मारतच असतीन."

मंडळात पोरींनी दोरीचा मल्लखांब जवळून पाहिला. परत आल्यावर त्यांचं एकच सुरू झालं, आपला खांब कधी उभा होईल? मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. १९५६ पर्यंत आपला विदर्भही त्याच राज्यात होता. खेलो इंडियाच्या स्पर्धांतही आता मल्लखांब आहे. पोरींना हे सगळं सांगून झालं आणि मग खांबाकडे बघितलं, तर तो आखाड्याच्या कोपऱ्यात आडवा पडलेला, वर कबुतरांची विष्ठा.

सुतारभाऊंनी तो ओसरीत आणून घासला. मल्लखांबाचे तीन भाग, वरचं बोंड, त्याखाली मान आणि मग खालपर्यंत जाड होत जाणारं अंग. बोंड आणि मान सुरेख निघाली. तेलाने काळं पडलेलं सागवान, पोरांच्या मांड्या घासून घासून आरशासारखं झालेलं. जमिनीत गाडलेला बुंधा मात्र उधईने पोखरला होता. सुतारभाऊ पटाशीच्या दांड्याने खालून वर ठोकत गेले आणि कान लावून ऐकत गेले. ठप, ठप, ठप, आणि एका जागी टण्ण. तिथं त्यांनी खडूने रेघ मारली. "इथून वर जिवंत हाय," म्हणाले. रेघेच्या खालचं कापलं तर खांब जमिनीवर अडीच फुटांनी कमी भरतो. नवा खांब घ्या, असं दोघातिघांनी सुचवलं, एक देणगीदारही तयार झाला. सुतारभाऊ ऐकेनात. त्यांनी जुन्या घराचा एक सागवानी खांब शोधला, खाली जोड दिला, जोडावर लोखंडी कडं ठोकलं. जोड जमिनीत जातो, वर दिसतो तो जुनाच खांब. मग पंधरा दिवस रोज एरंडेल तेल. शेवटच्या दिवशी पहिली अढी घालायचा मान कोणाचा, यावर पोरींमध्ये भांडण झालं आणि चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

भिंतींचं काम जास्त अवघड होतं. मागे कधीतरी चांगल्या मनानेच कोणीतरी दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. भिंतीतली ओल आत अडकली आणि गिलाव्यामागे चुन्याचा भुगा झाला. गवंडी काका म्हणाले, चुन्याचं चुन्यानेच करा. त्यांच्या वडिलांना ते काम येत होतं, काकांनी लहानपणी हाताखाली केलं होतं. कळीचा चुना आणून ड्रममध्ये पाण्यात महिनाभर मुरवला. त्यात वर्धेची चाळलेली रेती, जुन्या विटांची सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. हिरडा मेळघाटातून आणला. पहिल्या मिश्रणाला भेगा पडल्या. काकांनी रेती वाढवली. दुसरं पकडून राहिलं. ओल्या गोणपाटाखाली भिंत दहा दिवस झाकून ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची पाळी बायांच्या बचतगटाने घेतली. देणगीदारांपैकी एकाला दर्शनी भागावर टाइल्स आणि स्वतःच्या नावाची कमान हवी होती. आम्ही हात जोडून नाही म्हटलं. पैसे कमी पडले, छपराची एक बाजू अजून ताडपत्रीवर आहे. तरीही मला तो नकार बरोबरच वाटतो.

माती चाळताना भोकाचा एक तांब्याचा पैसा निघाला, १९४३ ते ४७ या काळात निघायचे तसला. त्यावरून आखाड्याचं वय ठरत नाही, तो नंतरही कोणाच्या कमरेच्या दोऱ्यातून गळला असेल. पण एका घरी देवघरामागून एक फोटो मिळाला. खांबाभोवती आठ पोरं, आणि मागे दौतीच्या शाईने 'नागपंचमी १९५१'. उजवीकडून तिसरा पोरगा म्हणजे वस्ताद आबाजी. त्यांना फोटो दाखवला तेव्हा त्यांनी स्वतःकडे बघितलंच नाही. बाकीच्या सातांवर एकेक बोट ठेवून ते नावं सांगत गेले. मी लिहून घेतली. त्यातलं आता कोणी नाही.

आणि गोटा. देवळासमोर काळ्या दगडाचा एक गोटा पडलेला असतो, तुम्ही कधी आलात तर त्याच्यावर बसलाही असाल. पूर्वी जवान पोरगा तो छातीपर्यंत उचलायचा आणि खांद्यावरून मागे टाकायचा. आबाजी नेहमी सांगायचे, गोटा अडीच मणाचा आहे. नव्या पोरांना ही म्हाताऱ्याची थाप वाटायची. नोंदीला वजन हवं म्हणून आम्ही तो चौघांनी ढकलत छोटा हत्ती टेम्पोवर चढवला आणि जिनिंगच्या काट्यावर नेला. काट्यावर आकडा आला ९१ किलो. चाळीस शेरांचा मण म्हणजे सव्वासदतीस किलोच्या आसपास, तेव्हा अडीच मण म्हणजे ९३. आबाजींना सांगितलं तसे ते काठी टेकत उठले, गोट्याभोवती फिरले आणि खाली वाकून एका कोपऱ्यावर हात फिरवला. कोपरा उडालेला होता. "इथून दोन किलो गेले," म्हणाले. "माह्याच हातून पडला होता तो."

फेब्रुवारीत नमुना २२ मध्ये नोंद चढली. ग्रामसेवकांनी मला वही दाखवली आणि मी ती ओळ उतरवून आणली. मारुती देवळामागील आखाडा, दगडी-चुन्याच्या भिंती, कवेलू छप्पर. मल्लखांब सागवानी १. मुदगल जोड्या २. दगडी गोटा १, ९१ किलो, कोपरा उडालेला. कोपऱ्याचं लिहा, असा हट्ट माझा होता. आज संध्याकाळी पाच ते सात पोरी असतात, सातनंतर पोरं. झरोका तसाच ठेवला आहे.

नमुना २४ मधली मैदानाची ओळ मात्र अजून कोरी आहे. मोजणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. पट सुटायचा तिथं एक उभा दगड होता, मला बाबांनी तो दाखवला होता. जोडीच्या खुरांची रेघ त्या दगडाच्या सरळ रेषेत घ्यायची, असं ते सांगायचे. परवा मी आणि सर शोधायला गेलो. बाभळीच्या मागे, गाजरगवतात, अर्धा पुरलेला सापडला. मोजणीवाल्यांना तो लांबून दिसला पाहिजे. म्हणून सोमवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही चौघीजणी विळे घेऊन जाणार आहोत. चुलतभाऊ म्हणाला, तारेजवळचं गवत तो काढून ठेवतो.